तुमच्यातही करतात?

गणेशोत्सवात एखादी परदेशी पाहुणी हवी, म्हणून बनारसच्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शिवरामकाका इस्रायलच्या नोगाला घेऊन आले. ती इथेच गाणं शिकत होती. साथीला पेटीवर मी. मंचावर चढण्याआधी काकांनी तिला हिंदीत बजावलं, "अपनी भाषा में गाइएगा, हिब्रू में. लोग वही सुनने आए हैं."

ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तेल अवीवमध्येही हेच ऐकलं. माझ्या वयाचे तिकडचे कितीतरी गायक आता आजीआजोबांच्या भाषेत गातात, कुणी अरबीत, कुणी फारसीत. मीही हट्ट धरला. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, हिब्रूत गा, नाहीतर चालू लाग. मी चालू लागले."

मग तिने गळ्यात उपरणं टाकलं, हातात चिपळ्या घेतल्या आणि उभी राहिली. "माझी आजी अलिबागची ज्यू," ती चक्क मराठीत म्हणाली, "हे कीर्तन तिचं." आणि ज्यूंच्या मोशे प्रेषितासाठी समुद्र दुभंगला त्याचं आख्यान तिने असं लावलं, की मी पेटीवर सूर शोधतच राहिले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मान डोलवायला लागल्या.

काका तरातरा मंचाशी आले. "अहो, थांबा! हिब्रूत ठरलं होतं. कीर्तन आमचं असतं!"

नोगाच्या चिपळ्या थांबल्या नाहीत.

"हो का, काका? तुमच्यातही करतात?"