लहान वाडगा

छुसॉकच्या, पितरांना जेवू घालायच्या कोरियन सणाच्या सकाळी म्हातारी ओकसून एकेका पितराचं नाव घेऊन भाताचा वाडगा मांडत होती. सात पिढ्या तिला तोंडपाठ.

"सासूबाई, एक वाडगा जास्त झाला," सून मिरान हसली. "डोकं भरलं वाटतं तुमचं!"

"तुझं रिकामं आहे, ते बघ आधी!"

पण जास्तीचा वाडगा लहान होता. लहानपणीच तापात गेलेल्या ओकसूनच्या थोरल्या पोरीचा. ओकसूननेच तो तिच्यासोबत पुरला होता.

पोरीच्या गालावरची खळी आठवली. नाव आठवेना. नातवंडांची नावं आठवली, त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा आठवलं. पोटच्या पोरीचंच त्या डोक्यात उरलं नव्हतं.

नाव घेतल्याशिवाय पितर उंबरा ओलांडत नाहीत. त्यांच्यासाठी उघड्या ठेवलेल्या दाराबाहेर मातीने माखलेले इवले रबरी बूट दिसले.

"आई, भूक लागलीय. हाक मार ना."