घुबडसरांची सही

"घुबडसर, तुम्ही माणूस आहात की प्रोग्राम?"

प्रश्न पाठवून भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले. मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव म्हणून. एकच गणित पाचदा न चिडता समजावणारा माणूस जगात नसतो, असं त्यांचं ठाम मत.

भिंगरीला मात्र सर माणूसच असायला हवे होते. आईने गणित शिकवायला घेतलं की दहाव्या मिनिटाला दोघींचं वाजायचं. शेवटी बाबांनी तिला शिकवणीची ही साइट शोधून दिली. तिथे 'घुबडसर' या टोपणनावाने शिकवणारे सर भेटले आणि दोन चाचण्यांत गटांगळ्या खाल्लेली भिंगरी स्वतःहून फळ्यापुढे जायला लागली. 'तुझं डोकं छान चालतं,' असं सरांनीच तिला लिहिलं होतं. यंत्र हे सगळ्यांनाच लिहीत असेल तर?

उत्तर आलं, "माणूसच आहे गं."

"यंत्रही हेच म्हणेल," एक मैत्रीण म्हणाली.

सरांच्या प्रत्येक उत्तराला डिजिटल सही असे. सहीमागच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे सही करणाऱ्याच्या ओळखपत्रावर, नाव नव्हतं, नुसता क्रमांक. भिंगरीने संगणकाच्या तासाला लिहिलेला तपासणीचा प्रोग्राम चालवला. देणारी संस्था खरी, मुदत शिल्लक. सगळं हिरवंगार.

"पण प्रमाणपत्र कशासाठीचं आहे? वाचनालयाचं कार्ड दाखवून विमान चालवायला देतील का तुला?" तीच मैत्रीण म्हणाली.

हे मात्र खरं होतं. कोणत्या कामासाठी दिलंय, तेही प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. भिंगरीच्या कोडने ते वाचलंच नव्हतं. तिने दोन ओळी वाढवल्या: काम 'शिकवणी' नसेल तर नाकार, आणि काय असेल ते दाखव.

नाकारलं. खाली लाल अक्षरांत आलं: 'फक्त एक्स-रे अहवालांवर सही करण्यासाठी.'

मैत्रिणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. घुबड हाडं बघतं म्हणे! भिंगरी हसली नाही. विचारून दाखवलं, पैज मी जिंकले, एवढंच म्हणाली आणि दप्तर उचलून थेट घरी आली.

दिवसभर पेशंटचे एक्स-रे तपासून आई नुकतीच दवाखान्यातून आली होती. बाबा कपडे घडी करत होते. भिंगरीने दोघांना समोर बसवलं.

"मी ठरवलंय. साइटवरची शिकवणी बंद."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने घसा साफ केला. "का गं? सर चांगले आहेत म्हणत होतीस."

"आहेतच. म्हणून उद्यापासून मी इथे तुझ्यासमोर बसूनच शिकणार, आई. भांडलो तरी चालेल."