सोडायचं काय

हौशीराम आबांच्या पायाचा अंगठा पहाटे एकाएकी टम्म सुजला. नुसती चादर टेकली तरी जीव कळवळे. शेजारचा गोरख म्हणाला, "माज्यागत गाऊट झालाय, आबा. मला डॉक्टरनं दारू सोडाय लावली." झालं. बघायला येणारा जो तो पाय सोडून आबांच्या तुळशीमाळेकडे बघू लागला. सरुबाईनंही रिक्षात नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा, चोरून घेता का?" आबांचं डोकं फिरलं. गाऊटच निघाला. कामशेतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बर्फ लावायला सांगितला आणि विचारलं, "पाणी पिता ना?" "काल निर्जळी एकादशी व्हती. थेंबभर बी न्हाई." "त्यानंच दुखणं उठलं. भरपूर पाणी प्या, असली एकादशी सोडा." घरासमोर उतरताच गोरखनं ओट्यावरून हाक मारली, "तुमाला काय सोडाय लावलं, आबा?" खरं कोणाला पटणार? आबांनी माळ सदऱ्यात सारली. "दारू," ते म्हणाले.