पंखे मंजूर झाले

इंदुताईंनी थर्मामीटर पुन्हा झटकला. पारा खाली उतरेना. लेकराला तो अजून लावलाही नव्हता. नुसता टेबलावर ठेवला होता, आणि पारा एकशे दहाच्या खुणेला जाऊन बसला होता. त्यांनी तो माठातल्या पाण्यात बुडवला, झटकला आणि लगेच लेकराच्या काखेत धरला. एकशे तीन.

रुखमा तीन दिवसांची बाळंतीण. तिच्या पोरीनं सकाळपासून दूध ओढलं नव्हतं. सासू, मंगली, ओलं फडकं पोरीच्या अंगावर घालत होती. दुसरं भिजवेपर्यंत पहिलं कोरडं होत होतं.

"हा ताप नोहोय बाई," मंगली म्हणाली. "हे घरच तापून राह्यलं."

घर म्हणजे सरकारी दवाखान्याची नवी इमारत. अहेरीपासून दहा मैल आत, जंगलातल्या या गावात ती अक्षय्य तृतीयेला उघडली होती. सिमेंटच्या भिंती, पश्चिमेला काचेच्या चार खिडक्या, वर टिनाचं छप्पर. त्याआधी चार वर्षं दवाखाना शेजारच्या, गावकऱ्यांनी बांधलेल्या जुन्या घरात होता. हातभर जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, चहूबाजूंनी ओसरी. इमारत बांधणाऱ्या ओव्हरसियरनं ते घर धोकादायक ठरवून बंद करायला लावलं होतं. ते उघडून द्या म्हणून इंदुताईंनी दोनदा अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

आज सकाळी ओव्हरसियर चिंतलवार स्वतः आले होते. दारातूनच त्यांनी आत पाहिलं, रुमालानं मान पुसली.

"आनंदाची बातमी आहे, नर्सबाई. पंखे मंजूर झाले. सहा पंखे, आणि ते चालवायला इंजिन. दिवाळीपर्यंत सगळं येईल. महिन्याला दोन पिंपं डिझेल लागेल, तेही मंजूर आहे."

"दिवाळीले, साहेब? हा मे महिना होय."

"तोवर खिडक्या उघड्या ठेवा."

"जुनं घर उघडून द्या जी. चारच पेशंट आहेत."

"ते राहण्यायोग्य नाही. उद्या भिंत पडली तर जबाबदार कोण?"

इंदुताई "हो जी" म्हणाल्या. नऊ वर्षांच्या नोकरीत त्या हेच म्हणत आल्या होत्या.

दुपारी दोनच्या सुमारास पोरीचे डोळे वर गेले. हातपाय झटके देऊ लागले. रुखमा किंचाळली. डॉक्टर बुधवारी येत, आज शनिवार होता. इंदुताईंनी पोरीला कुशीवर वळवलं, तिच्या अंगावर पाण्याचा हात फिरवला. झटके थांबले, पण अंग तसंच पोळत होतं. त्यांनी तिला छातीशी घेतलं आणि उठल्या.

"मंगली, रुखमाले धर. जुन्या घरी नेऊ. कुलूप फोडू."

फोडायला कुलूपच नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि ओसरीवर चिंतलवारांचा चपराशी पत्रू बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला बाई. साहेब झोपले."

इंदुताईंनी पायानं दार ढकललं. आतला गारवा एकदम तोंडावर आला. जिथं पूर्वी बाळंतिणीची खाट असायची, तिथंच चिंतलवारांची खाट होती. ते गाढ झोपले होते. अंगावर चादर होती. मे महिन्याच्या भर दुपारी, गळ्यापर्यंत ओढलेली.

"उठा," इंदुताई म्हणाल्या.

चिंतलवार दचकून उठून बसले. "हे काय? बाई, आधी बाहेर व्हा! ही इमारत राहण्यायोग्य नाही, सांगितलं ना?"

"मंग तुम्ही कसे राह्यता?"

"मी... माझा मुक्काम तात्पुरता आहे."

"हे लेकरूबी तात्पुरतंच होईल, त्याले इथी नाई ठेवलं तर. उठा म्हणते ना!"

ते उठले. मंगलीनं रुखमाला खाटेवर निजवलं, चादर ओढून घेतली आणि खाटेजवळच्या माठाच्या पाण्यात बुचकळून पोरीच्या अंगावर घातली. मग ती चिंतलवारांकडं वळली.

"आधी लोकायले भट्टीत घालाचं. मंग भट्टीत वारा घालाले मशीन आणाची. मशीनले तेल पाजाचं. आन या मातीच्या घरात सोता निजाचं. काऊन? आमी हे घर फुकट थंडं ठेवलं म्हणून?"

पुढं ती गोंडीत एकच शब्द बोलली. पत्रूला गोंडी समजत होती; तो शब्द होता 'लाज'. त्यानं मान खाली घातली. मग तो नव्या दवाखान्यात गेला आणि उरलेल्या तीन पेशंटांना एकेक करून, हाताला धरून घेऊन आला.

चिंतलवारांची जीप अहेरीला गेली होती. ते ओसरीवर बसून तिची वाट पाहत राहिले. चारच्या सुमारास पोरीचा ताप एकशे एकवर आला. थोड्या वेळानं तिनं तोंड हलवलं आणि दूध धरलं. रुखमा रडू लागली. इंदुताईंना रडू आलं नाही. चार आठवडे आपण "हो जी" म्हणत त्या टिनाखाली माणसं भाजू दिली, याचा त्यांना राग आला होता.

तेवढ्यात चिंतलवार दारात येऊन उभे राहिले. त्यांनी कोट चढवला होता.

"बाई, तुम्ही सरकारी हुकूम मोडलाय. मी वर लिहीन. नोकरी जाईल तुमची."

"लिहा," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी नव्या दवाखान्याकडं बोट केलं. "पन तिथी बसून लिहा."

चिंतलवारांनी तिकडं पाहिलं. मग कागदांची फाईल छातीशी धरून ते अंगणात उतरले आणि मोहाच्या झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहिले.