शर्विलचा भालू

माझा कल्पेशदादा नायगावच्या बालवाडीत शिकवायचा, आणि कसला भारी शिकवायचा! रडका शर्विल तर फक्त त्याच्याकडेच गप्प व्हायचा. पण शर्विलच्याच आईने मीटिंगमध्ये सांगितलं, "सर चांगले आहेत हो, पण पुरुष ना! मुलं केवढीशी..." दादाची नोकरी गेली.

आता तो वाढदिवसांना भालूचा ड्रेस घालून नाचतो आणि मी फुगे वाटते. काल शर्विलचाच वाढदिवस होता. फटकन फुगा फुटला आणि त्याने भोकाड पसरलं. भालूने मांडी घालून हळूहळू टाळ्या वाजवल्या, तसा तो धावत येऊन बिलगला.

"बघा, भालूकडे कसा लगेच शांत झाला!" त्याची आई म्हणाली.

सांगून टाकायला मी तोंड उघडलं, तर भालूच्या आतून आवाज आला, "दिपे, गप्प बस. हेही काम जाईल."