खतघरातलं शून्य

मंगळावरच्या शेवटच्या गुहेतही सजीवांची खूण असलेल्या मिथेन वायूचा आकडा शून्यच आला. जीवसृष्टीचा शोध उद्या बंद होणार होता. इंदुमती हिरमुसली.

"निघताना हे मिथेन मोजायचं यंत्र शून्यावर कुठे आणलंस?" मोहीमप्रमुख कोयंडे सरांनी विचारलं.

"तळावरच्या खतघरात, सर."

"अगं, तिथे खत कुजतं, मिथेन असतोच! यंत्राने तीच हवा स्वच्छ मानली. मग इथला त्याहून कमी मिथेन त्याला कसा दिसेल?"

इंदुमतीने घाईघाईने शुद्ध हवेचा सिलिंडर जोडला, यंत्र पुन्हा शून्यावर आणलं आणि गुहेत धरलं. आकडा चढू लागला. चार, अकरा, तीस!

दोघं धावतच गुहेत आणखी आत शिरली. दिव्याच्या उजेडात ओली भिंत हिरवट चमकली. इंदुमतीने हात पुढे केला.

"थांब," सर कुजबुजले, "ते जिवंत आहे."