फक्कीची रेघ

सॉफ्टबॉलचा सामना आम्ही एका धावेनं हरलो. होमप्लेटजवळ आलेली मनवा घसरत प्लेट गाठायचं सोडून थबकली, फक्कीची पांढरी रेघ ओलांडायला तिनं पाय उचलला, आणि तेवढ्यात कॅचरनं तिला बाद केलं.

“थांबलीस कशाला गं?” आमच्या खेळाच्या लोखंडेबाई ओरडल्या.

“रेघ पुसली असती, बाई.”

कुणीच हसलं नाही. बाई पहाटे स्वतः सुतळी ताणायच्या आणि दुखरी कंबर वाकवून, भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत अख्खं मैदान आखायच्या. सरावात रेघेवर कुणाचा पाय पडला, की मैदानाला फेरी ठरलेली.

बाई मनवाकडे बघतच राहिल्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी डबा आणला आणि तीच रेघ आणखी ठळक केली.

“आता पूस ही. पळत ये, घसर, सगळी पूस.”

मनवा भीतभीत घसरली. रेघेचा मागमूस उरला नाही; कोपरापासून वेणीपर्यंत ती पांढरी झाली.

“मी परत आखेन गं. तू फक्त पोच.” बाईंनी ओढणीनं तिचा चेहरा पुसला आणि गुडघे टेकून नवी रेघ आखायला घेतली.

त्यांनी मान वर केली, तेव्हा मनवामागे आम्ही सगळ्याजणी रांगेत उभ्या होतो.